जे घड्याळ पुढे, ते खरं

आप्पांना जहाजात बसायला आवडतं. उतरायला आवडत नाही. उतरलं की परत चढायचं असतं, आणि चढण्यासाठी वेळेत पोचायचं असतं, या एका विचाराने त्यांना आदल्या रात्रीपासून झोप लागत नाही.

प्रत्येक ग्रुपला असे एक आप्पा मिळतात. मागावे लागत नाहीत. आमचे आप्पा न्यू जर्सीतल्या निवृत्त मंडळींच्या वाट्याला आले. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला ते पोचतात तेव्हा खुर्च्या मांडणारेही आलेले नसतात, मग आप्पाच खुर्च्या मांडतात. बालपण कोकणात गेलेलं. तिथे सकाळची एसटी चुकली की माणूस दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत स्टँडवर. पुढे अमेरिकेत नोकरी झाली, घर झालं, नातवंडं झाली, पण ती एसटी काही आप्पांच्या मनातून सुटली नाही.

थंडीत बेयोनच्या धक्क्यावरून क्रूझ निघाली आणि पोर्तो रिकोत सान हुआनला लागली. तिथून तासाभरावर एल युंकेचं जंगल. जहाजाची स्वतःची टूर होती, पण महाग. आमच्यातल्या हिशेबी लोकांनी बाहेरची व्हॅन ठरवली. आप्पांचा सक्त विरोध होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. जहाजाच्या टूरची बस अडकली तर जहाज थांबतं. तुम्ही तुमच्या तुम्ही गेलात आणि अडकलात, तर तुमच्या केबिनमधले पासपोर्ट धक्क्यावरच्या एजंटाकडे देऊन ते निघून जातं. ‘आणि मग पुढचं बंदर गाठायचं आपल्या खर्चाने,’ आप्पा म्हणाले. वहिनी म्हणाल्या, ‘अहो, पण माणशी किती वाचतायत बघा.’ ठराव मंजूर.

आता घड्याळाचं. थंडीत पोर्तो रिकोचं घड्याळ न्यू जर्सीच्या एक तास पुढे असतं. त्यात जहाजावर घोषणा झाली की आपण जहाजाचीच वेळ पाळायची, साडेचारच्या आत सगळे परत. धक्क्यावर पाय ठेवताच सगळ्यांचे फोन आपोआप तासाने पुढे गेले, मनगटावरची घड्याळं होती तिथेच राहिली. कुणीही शहाणा माणूस गोंधळला असता. आप्पा गोंधळले नाहीत. ‘जे घड्याळ पुढे, ते खरं,’ असा त्यांनी निकाल दिला. म्हणजे एक तास इथेच गेला. दुसरा ट्रॅफिकसाठी वजा, आणि तिसरा ‘असू दे हाताशी’ म्हणून.

ड्रायव्हर मोठा हौशी निघाला. अमेरिकेच्या नॅशनल फॉरेस्टांपैकी उष्णकटिबंधीय पर्जन्यवन हे एवढं एकच, आणि स्पेनच्या राजाने १८७६ सालीच ते राखीव केलं, असं तो अभिमानाने सांगू लागला. आप्पा म्हणाले, ‘१८७६ पासून आहे ना? मग पुन्हा येऊ तेव्हाही असेल. चला.’

ला कोका धबधबा रस्त्यालगतच आहे. सुमारे २६ मीटरवरून पाणी काळ्या कातळावर पसरत येतं. गाडीतूनही दिसतो, हे आप्पांना फार आवडलं. उतरायचं कशाला, असा त्यांचा सवाल होता. आम्ही उतरलो. ते दाराशी उभे राहून मिनिटं मोजत होते.

तेवढ्यात पाऊस आला. इथे तो बारा महिने येतो. आपल्या आंबोलीसारखा चार महिन्यांत वर्षाचा हिशेब मिटवून मोकळा होत नाही. ‘थांबेल कधी?’ आप्पांनी विचारलं. ड्रायव्हर मान मागे टाकून हसला. मग झाडीतून बारीक, दोन सुरांची शीळ आली, को-की, को-की. ‘कुणाचा अलार्म वाजतोय?’ म्हणत आप्पांनी चारही खिसे चाचपले. तो कोकी बेडूक होता, अंगठ्याच्या पेराएवढा. हा रात्रीचा गवई, पण पावसाळी अंधारात दिवसाही तोंड उघडतो. याला बेडूकमाशाची अवस्थाच नसते, अंड्यातून थेट पिटुकला बेडूक बाहेर पडतो. ही माहिती मात्र आप्पांनी मान डोलावून ऐकली. मधला वेळ वाचवणाऱ्या प्राण्याबद्दल त्यांना आदर वाटला असावा.

आमच्यातले एक दुर्बीणवाले हिरव्या पोपटासाठी थांबले होते. १९७५ साली रानात हे पोपट जेमतेम १३ उरले होते. आता वाढलेत, पण दिसणं नशिबाचं. आप्पांनी बाकीच्यांचं नशीब तिथेच थांबवलं.

ड्रायव्हर २०१७ च्या मारिया वादळाबद्दल सांगत होता. साऱ्या डोंगरावर पान म्हणून राहिलं नव्हतं, हिरवं जंगल तपकिरी झालं होतं. गाडीत सगळे गप्प. आप्पांनी हळूच विचारलं, ‘तेव्हा बंदर किती दिवस बंद होतं?’

योकाहू मनोऱ्यावर मात्र ते सगळ्यांच्या आधी चढले. आम्हाला नवल वाटलं. वर पोचलो तर आप्पा कठड्याला टेकून, दुर्बीण डोळ्यांना लावून, घामाघूम. खाली रानाचे हिरवे थर, पलीकडे अटलांटिकची निळी पट्टी.

‘जहाज दिसत नाही!’

‘अहो, ते सान हुआनला आहे. तिकडे, पश्चिमेला.’

‘मग तिकडचं दिसत का नाही?’

तेवढ्यात ढग आला आणि कुणालाच काही दिसेना. आप्पांनी तो अपशकुन मानला.

लुकियोच्या किनाऱ्यावर खाण्याच्या टपऱ्यांची लांबलचक रांग आहे. तिथे कच्च्या केळ्याचे चेचून तळलेले काप, तोस्तोनेस, खायचा बेत होता. पण लुकियो बंदराच्या उलट दिशेला. आप्पांना हे नकाशावर दिसलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की वहिनींनीच बेत मागे घेतला. ‘त्रांकिलो,’ ड्रायव्हर समजूत घालत राहिला. व्हॅन सान हुआनकडे वळली. रस्ता मोकळा. ट्रॅफिक औषधालाही नाही.

आम्ही जहाजावर चढलो तेव्हा मनगटावरच्या घड्याळात दीड वाजला होता. जिन्यावरचा सुरक्षारक्षक म्हणाला, काही विसरलात का?

साडेचारला आम्ही डेकवर कठड्याशी उभे होतो. उशीर झालेले प्रवासी धक्क्यावरून पळत येतात ते बघणं, हा क्रूझवरचा एक फुकटचा खेळ आहे. लोक हातात ग्लास घेऊन हसतात, टाळ्या वाजवतात. आप्पा हसत नाहीत. एक जोडपं चपला हातात घेऊन धावत होतं, तेव्हा ते कठड्यावर ओणवे होऊन शुद्ध मराठीत ओरडत होते, ‘पळा, पळा! पिशवी टाका आणि पळा!’ दोघं आत आले तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

मग घोषणा झाली. जहाजाच्याच टूरची एक बस वाटेत अडकली आहे, ती येईपर्यंत जहाज हलणार नाही. पाऊण तासाने ती मंडळी आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल, एकाच्या हातात कागदात गुंडाळलेले तोस्तोनेस. लुकियोला पोहूनसुद्धा झालं होतं.

आम्ही सगळे आप्पांकडे वळलो. आप्पांच्या चेहऱ्यावर विजय मावत नव्हता.

‘बघा! म्हणून सांगत होतो, जहाजाचीच टूर घ्या.’

रात्रीचं जेवण साडेसातला होतं. डायनिंग हॉल केबिनच्या दोन मजले खाली. सव्वासहाला आमचं दार वाजलं.