माहेरपणाची यादी

"त्या ऑस्ट्रेलियाच्या पोराचं काय झालं गं शेवटी? आला का कागद?"

सकाळचे दहा वाजलेले. संक्रांत होऊन आठवडा झालेला, त्यामुळे ऊन हवंहवंसं. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे, तिच्यावर सूप ठेवून काकू सोलाणे सोलत होत्या आणि मी इकडे धुणं वाळत घालत होते. दुसऱ्या एखाद्या गावात हा प्रश्न ऐकून कुणाला वाटलं असतं की एखाद्या स्थळाची चौकशी चाललीय. कोल्हापूरच्या पेठेत असा गैरसमज होत नाही. पोरगा म्हणजे रायन विल्यम्स, आणि कागद म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल संघटनेचा ना-हरकत दाखला.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या एका पोरानं विचारलं होतं, "वहिनी, पाटाकडील का शिवाजी?" मला वाटलं रिक्षावाल्याला सांगायला पत्ता विचारतोय. मी घराचा पत्ता सांगितला; तो विचारत होता फुटबॉलचा संघ. तो किस्सा अजून सांगतात. आता इतकी वर्षं झाली, शाहू स्टेडियमवरून आलेला नुसता आवाज ऐकून गोल कुणी केला हेही मला कळतं.

"दाखल्याचं काय विचारता काकू," मी म्हटलं, "बिचारा ढाक्यापर्यंत गेला संघाबरोबर. कागद वेळेत आला नाही, म्हणून बाहेर बसला."

"पासपोर्ट सोडला म्हणं त्यानं तिकडचा."

"सोडला तर. भारताकडून खेळायचं तर दुसरं नागरिकत्व चालत नाही. आई मुंबईची. आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले."

"म्हंजे आजोळचा पोरगा," काकूंनी निकाल दिला. "आजोळच्या अंगणात खेळायला आला, तर फाटक बंद."

नोव्हेंबरातला तो सामना आठवला की अजून पोटात कालवतं. 18 नोव्हेंबर 2025, ढाका, बांगलादेशकडून 0-1. बावीस वर्षांनी त्यांनी आपल्याला हरवलं. त्यांच्याकडे हमझा चौधरी, इंग्लंडमध्ये वाढलेला आणि लेस्टरच्या क्लबाकडून खेळलेला. त्यांचा आजोळचा पोरगा मैदानात, आपला बाहेर. त्याआधी महिनाभर गोव्यातल्या फातोर्ड्यात सिंगापूरनं 2-1 असं हरवून आशिया कपाचं दार लावून घेतलेलंच होतं.

"दाखला, यादी, परवानगी," काकू म्हणाल्या. "खेळ ऱ्हायला बाजूला. सगळं सासर-माहेरासारखं झालंय."

काकूंची ही लाडकी उपपत्ती. क्लब म्हणजे सासर. तिथं राबायचं, तिथलं खायचं, तिथलंच नाव लावायचं. देश म्हणजे माहेर. वर्षातून चार-पाच वेळा बोलावणं येणार, चार दिवस मिरवायचं आणि परत. आता फिफानं या माहेरपणाच्या तारखा, म्हणजे 'विंडो', छापूनच दिल्यात. त्या तारखांना सासरनं सोडलंच पाहिजे. एरवी सासूची मर्जी. 2026 पासून तर सप्टेंबर आणि ऑक्टोबर अशी दोन वेगळी माहेरपणं काढून टाकली, एकच लांबलचक ठेवलं, चार सामन्यांचं. काकूंना हे पटलं. "एस्टीचं भाडं वाचतंय," म्हणाल्या.

"आणि तारखेबाहेर मुराळी गेला तर?" मी मुद्दाम डिवचलं. कारण पुढचं काय येणार ते मला पाठ होतं.

"तर हांगझौ!"

2023 चे आशियाई खेळ. ते फिफाच्या तारखांत बसत नव्हते, आणि आपली क्लबांची लीग, आयएसएल, तर 21 सप्टेंबरला सुरू व्हायची होती. क्लबांनी पोरं सोडायला नकार दिला. प्रशिक्षक स्टिमाच यांनी काढलेली यादी खोडली, दुसरी केली, तीही बदलली. शेवटी एकोणचाळीस वर्षांचा सुनील छेत्री आणि जे मिळतील ते, असा संघ निघाला. चीनशी सामना 19 सप्टेंबरला, आणि ही मंडळी पोचली आदल्या संध्याकाळी. धड झोप नाही की सराव नाही. 1-5. राहुल के.पी.नं मारलेला एक गोल मात्र डोळ्यात भरण्यासारखा.

"पंचमीला मुराळी दारात उभा, आणि सासू म्हणती, न्हाई पाठवत," काकूंनी एक दाणा सुपात टाकला. "त्यातनंबी त्यांनी बांगलादेशला हरवलं आणि पुढची फेरी गाठली. उपाशीपोटी."

तेवढ्यात मागच्या अंगणातून आक्का आल्या. तीन सुनांची सासू. त्यांना कोणता विषय चाललाय हे सांगावं लागत नाही.

"पगार कोण देतंय गं?" आक्कांनी थेट शिरकाव केला. "वर्षभर खाऊपिऊ घालायचं आम्ही, आणि चार दिवस न्हेऊन गुडघा मोडून परत द्यायचा तुम्ही. हे कुठलं माहेर?"

मला इथं आक्कांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि काकूंसमोर घेता येत नाही. कारण आक्का म्हणतात तसं खरोखरच घडलंय. बेल्जियमच्या शार्लरुआ क्लबाचा अब्देलमजीद उल्मर्स 2004 मध्ये मोरोक्कोकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेला आणि दुखापत घेऊन परत आला, तो कित्येक महिने बसला. क्लब छोटा. त्यांनी सरळ फिफाला कोर्टात खेचलं, आणि मागे युरोपातले धनदांडगे क्लब उभे राहिले. 2008 मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून विश्वचषकाला पोरं पाठवली की क्लबांना पैसे मिळायला लागले. 2022 ला 20 कोटी 90 लाख डॉलर वाटले. 2026 च्या विश्वचषकासाठी 35 कोटी 50 लाख डॉलर ठरलेत.

मी आकडा सांगितला तशी आक्कांनी पदर खोचला. "बघ! माहेरानं सासरला पैसे मोजलं पाहिजेत. मी आधीपास्नं हेच सांगालोय."

(इथल्या बायका 'मी सांगतो', 'मी येतो' म्हणतात. मला आधी विचित्र वाटायचं. आता सांगलीला गेले की माझ्याच तोंडातून 'मी जेवलो' निघतं आणि आई कपाळाला हात लावते.)

"तुमच्या सुनांच्या माहेरानं किती मोजलं?" काकूंनी विचारलं.

आक्कांनी हा प्रश्न ऐकू आला नाही असं दाखवून मोहन बागानचा विषय काढला. 2025 च्या ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानातल्या स्पर्धेला त्यांनीही पोरं सोडली नव्हती. खालिद जमील नुकतेच प्रशिक्षक झालेले. मुंबईत महिंद्र युनायटेडकडून खेळलेला माणूस, त्यामुळे काकूंना तो घरचाच वाटतो. हाताशी होती ती पोरं घेऊन गेले आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आले. मग त्याच जमिलांनी सिंगापूरशी आणि ढाक्याला हरून दाखवलं. काकू त्यावर फार बोलत नाहीत. घरच्या माणसाबद्दल किती बोलायचं?

यादीत कोण नाही यावरून आठवलं. काकूंचा पुतण्या.

खरं तर ही गोष्ट भिंतीपलीकडे जाऊ द्यायची नाही असं ठरलं होतं, पण ती आता आख्ख्या पेठेला माहीत आहे. त्याच ऑगस्टमध्ये आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत एफसी गोवानं ओमानच्या अल सीबला हरवलं, गटात गेले आणि चिठ्ठीत नाव निघालं सौदीच्या अल नस्रचं. म्हणजे रोनाल्डो फातोर्ड्याला येणार! पेठेत त्या रात्री फटाके वाजले. पुतण्यानं तिकीट काढलं, चार जणांत गाडी ठरवली, आजरा-आंबोलीमार्गे मडगाव. सामना 22 ऑक्टोबरचा. त्या दिवशी पाडवा.

आणि पोराचं लग्न झालेलं मे महिन्यात. म्हणजे पहिला दिवाळसण.

सासुरवाडीला जावयासाठी काय काय केलं होतं त्याची यादी काकू बोटांवर मोजून सांगतात. अंगठी, कपडे, चांदीचं ताट, आणि तांबडा-पांढरा, तोही पाडव्याच्या दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेला. जावई मात्र सात नंबरचा पोर्तुगालचा शर्ट घालून आंबोली घाटात. आदल्या दिवशी बातमी आली की अल नस्रचा संघ गोव्यात उतरला, रोनाल्डो त्यात नाही. त्याच्या करारात म्हणे तशी सवलतच आहे, परदेशातला कुठला सामना खेळायचा हे तो ठरवतो. असं तेव्हा बोललं जात होतं, खरंखोटं त्याला आणि त्याच्या वकिलाला ठाऊक.

"तरी गेला?" आक्कांनी हे शंभराव्यांदा विचारलं.

"तिकीट फुकट जाऊ द्यायचं व्हय? म्हणला, शेवटच्या घटकेला इमानानं येतोय काय सांगावं."

रोनाल्डो आला नाही. अल नस्रनं पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल केले, आणि मग ब्रायसन फर्नांडिसनं एक परतवला. 1-2 हा निकाल सौदीच्या त्या श्रीमंत घराविरुद्ध काही वाईट नाही. पण गोव्याच्या पोरांचं कौतुक कुणी करायचं? जो तो न आलेल्याबद्दल बोलत होता. मला हे सगळ्यात जास्त खटकतं. मैदानात बावीस जण घाम गाळतायत आणि आपण यादीत नसलेल्या तेविसाव्याची पालखी खांद्यावर घेऊन बसलोय. एका पोरानं मैदानात घुसून जुआंव फेलिक्सबरोबर सेल्फी काढली, त्यालाही पुतण्याच्या मते 'त्यातल्या त्यात पोर्तुगाल' एवढंच महत्त्व.

भाऊबीजेच्या सकाळी हा घरी परतला. बायको माहेरीच. तिनं आठ दिवस फोन उचलला नाही.

काकूंनी तेव्हा जे वाक्य टाकलं ते पेठेत म्हणीसारखं चालतं. "हा सासुरवाडीला गेला न्हाई, त्यो गोव्याला आला न्हाई. फिट्टंफाट."

डिसेंबरात मेस्सी मात्र खरंच आला. कोलकात्यात लोकांनी हजारो रुपये मोजले, आणि पुढाऱ्यांच्या आणि फोटोवाल्यांच्या गराड्यात तो दिसलाच नाही. वीसेक मिनिटांत निघूनही गेला. मग खुर्च्या आणि बाटल्या उडाल्या. (आमच्याकडे बाटल्या उडायला मेस्सी लागत नाही, हे मी खाली मान घालून मान्य करते.) वानखेडेवर दुसऱ्या दिवशी सगळं नीट झालं, सचिननं आपला दहा नंबरचा शर्ट दिला, छेत्री भेटला. पुतण्यानं मुंबईला जायचं नावही काढलं नाही. शहाणा झाला म्हणायचा, का बायकोनं गाडीची किल्ली लपवली, यावर भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन मतं आहेत.

"जूनमधल्या वर्ल्ड कपाचं काय ते सांग," काकूंनी सूप झटकलं. "कोण कोण येतंय?"

अठ्ठेचाळीस संघ, एकशे चार सामने. प्रत्येकाच्या यादीत सव्वीसपर्यंत नावं. म्हणजे बाराशेच्या घरात नावं जाहीर होणार आणि न निवडलेल्यांची रडगाणी वेगळी. एवढ्या संघांना माणूस पुरेल असं काकूंना वाटत नव्हतं, पण मी केप व्हर्डेची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचे सोलणारे हात थांबले.

अटलांटिकमधली बेटं, वस्ती जेमतेम सव्वापाच लाख. आपलं कोल्हापूर शहर 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या जवळ होतं. तेवढ्या माणसांतून त्यांनी संघ काढला आणि पहिल्यांदाच विश्वचषकाला निघाले. गाठ आहे स्पेनशी. त्यांचा बचावपटू रॉबर्टो लोपेस जन्मला, वाढला डब्लिनमध्ये. वडील केप व्हर्डेचे. काही काळ बँकेत गृहकर्जाचं काम करायचा. त्याला प्रशिक्षकांनी लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला. भाषा येईना, यानं फालतू मेसेज समजून सोडून दिला. कित्येक महिन्यांनी पुन्हा विचारणा आली तेव्हा याची ट्यूब पेटली.

"माहेरचं पत्र आणि पोरीला वाचताच आलं न्हाई!" काकू हरखल्या. "आणि आपल्या रायनला वाचता येतंय, तर पोस्टमन गावत न्हाई."

"क्युरासाव तर त्याहून लहान," मी म्हटलं. "दीड लाख वस्ती. गाठ जर्मनीशी. त्यांची बहुतेक पोरं हॉलंडमध्ये जन्मलेली."

"दीड लाख?" आक्का गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे आपल्या पेठा आणि फुलेवाडी धरली की झालं की."

त्यानंतर बराच वेळ भिंतीवर कोल्हापूरचा विश्वचषक संघ निवडणं चाललं. अनिकेत जाधव पहिला, यावर वाद नव्हता; 2017 ला दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात तो खेळलाय, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. दुसऱ्या नावापासून भांडण सुरू झालं. आक्कांना दिलबहारचे चार हवेत, काकूंना खंडोबाचा गोलकीपर. कुणाची नोंदणी यंदा कुठल्या तालमीतून झाली आणि कुणाच्या आईनं त्यावरून कुणाशी बोलणं टाकलंय, हे इथं लिहिता येत नाही. मला याच भिंतीला धुणं वाळत घालायचंय.

काकू अर्जेंटिनाच्या. अल्जिरियाशी सामना आपल्याकडे 17 जूनला सकाळी साडेसहाला. दूधवाल्याची वेळ. आक्का ब्राझीलच्या, त्यांचा मोरोक्कोशी पहाटे.

"मग पुतण्याकडं बसून बघा की दोघी," मी म्हटलं. "मोठा टीव्ही घेतलाय म्हणे त्यानं."

काकूंनी इकडे-तिकडे बघून आवाज खाली आणला. "टीव्ही घेतलाय, खरं. पण घरात चहा कोण करणार? त्याची बायको माहेरी चाललीय."

"कधी?"

"11 जूनला जाणार, 20 जुलैला येणार. आतापास्नंच सांगून ठेवलंय."

"तारखा कुणी काढल्या?"

"तिनंच. भिंतीवर त्यानं वर्ल्ड कपाचा तक्ता लावलाय नव्हं का, त्यावरनं."

आक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आणि त्यानं परवानगी दिली?"

"देतोय न्हाई तर काय करतोय?" काकूंनी सूप उचललं आणि आत जाता जाता म्हणाल्या, "विंडो हाय. सोडावंच लागतंय."