मी? नुसता पडलो होतो!

संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये ठाणं सुटलं की खिडकीवाल्याचं घोरणं सुरू. मान मागे, तोंड उघडं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते आणि त्यातून घुसणारी हवा मऊ टाळू नि पडजीभ थरथरवत जाते. चौथ्या सीटवर अर्ध्या बुडाने टेकलेला मात्र कधी घोरत नाही. म्हणजे उपाय रेल्वेकडे आहे, तिला पत्ता नाही इतकंच. टिटवाळा गेलं की हेच गृहस्थ कुणी न उठवता उठतात, खडवलीला उतरतात आणि शपथेवर सांगतात, "झोपलो कुठे? डोळे मिटले होते."

घरी औषध एकच, बायकोचं कोपर. तेही शास्त्रशुद्ध! माणूस कुशीवर वळला की जीभ घशात कमी पडते. डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, रात्रीची दारू सोडा. हे मानलं तर भातसाकाठच्या पावसाळी सहलीत उरणार काय, नुसतं पाणी?

घोरणं मध्येच थांबलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. नेमका तेव्हाच ह्यांचा अडकलेला असू शकतो. १० सेकंद वा जास्त, असं तासाला ५ किंवा अधिक वेळा झालं तर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. दिवसभर पेंग, वर रक्तदाब. मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र मिळतं, पण गृहस्थांना आधी पुरावा हवा. मुलीने मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"शेजारचे काका दिसतायत," म्हणाले.