पाऊस मोजता, ऊन कोण मोजणार?

दर आषाढीला खिचडीच्या ताटावर एक प्रश्न हमखास येतो. साबुदाणा एवढा आपण खातो, मग तो तमिळनाडूतल्या सेलमहून का आणायचा? मावळात पाणी आहे, जमीन आहे. लावा की साबुकंद!

लावा. पण आधी त्याच्या पानांना विचारा.

साबुदाणा म्हणजे त्या कंदातला स्टार्च, आणि तो बनतो पानांवर पडणाऱ्या उन्हातून. कंद भरायला आठ ते दहा महिने लागतात. म्हणजे मावळातल्या तळेगावात त्यानं पावसाळा, थंडी, उन्हाळा असं सगळं काढायचं. यातला कोणता ऋतू त्याला मानवतो? धड एकही नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळ्याकडून ढग सरकतात आणि दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. दाट ढगाखाली नेहमीच्या उन्हाचा चौथा हिस्साही पानावर पोचत नाही. अशा अंधारात साबुकंद उंच वाढतो, पाला करतो आणि कंद पोसायचा राहतो. शेत हिरवंगार. उपटल्यावर खरं कळतं.

मग थंडी. आभाळ निरभ्र, ऊन मुबलक. पण रात्री पारा १०-१२ अंशांवर उतरतो आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं हे उष्ण हवेचं झाड गारठतं. त्याची पानं साधारण २५ ते ३५ अंशांत जोमानं काम करतात. ऊन आहे तेव्हा ऊब नाही, आणि ऊब होती तेव्हा ऊन नव्हतं!

उरला उन्हाळा. ऊनही आहे, ऊबही आहे. इथं आडवी येते कोरडी हवा. हवा सुकली की साबुकंद पानांवरची रंध्रं मिटून घेतो, मुळाशी ओल असली तरी. कोलंबियातल्या ‘सियाट’ या संशोधन केंद्रात १९८०च्या दशकात हे मोजून दाखवलं गेलं. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत शिरत नाही, प्रकाशसंश्लेषण मंदावतं. झाड दुष्काळात तगतं ते याच सवयीमुळे. पण तगणं वेगळं आणि कंद भरणं वेगळं.

ठिबकनं जमीन भिजते. हवा नाही.

जात बदलून पाहू, असं कुणी म्हणेल. तिरुअनंतपुरमची केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था १९६३ पासून हेच काम करते आहे. तिच्या एच-१६५ आणि एच-२२६ या जाती १९७१ मध्ये आल्या आणि तमिळनाडूत रुजल्या. एखादी जात लवकर तयार होते, एखादी दुष्काळात पाला जास्त दिवस धरून ठेवते. हा फरक खरा आहे, मोलाचा आहे. पण कोणती जात तळेगावचं आभाळ बदलणार?

मावळच्या आभाळाला जुळणारं पीक मावळात आहेच. वडगावच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये इंद्रायणी दिली, आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून. साडेचार महिन्यांत शेत मोकळं. ढगांच्या दिवसांत ती फुटवे काढते, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास निसवते आणि पुढं ऑक्टोबरच्या उन्हात दाणा भरते. दाण्यातला बहुतेक स्टार्च निसवल्यानंतरच्या उन्हाचा असतो. घमघमणाऱ्या भाताचं श्रेय आपण पावसाला देतो. निम्मं तरी ऑक्टोबरला द्या!

आणि आता तोच ऑक्टोबर भरवशाचा राहिलेला नाही. २०१९ मध्ये देशातून मान्सूनची माघार सुरू झाली तीच मुळी ९ ऑक्टोबरला. अशा वर्षी आडवं झालेलं भात सगळ्यांना दिसतं. उभं राहिलेलं भात पोचट निघतं, ते मळणीलाच कळतं. पंचनाम्याला साचलेलं पाणी दिसतं. न पडलेलं ऊन कोण दाखवणार?

तळेगावच्या पुष्पोद्यानातल्या गुलाबवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात सावलीचं जाळं कधी ओढायचं, पॉलिहाऊसच्या कागदावरची धूळ नि शेवाळ कधी धुवायचं, यात त्यांची कमाई असते. १४ फेब्रुवारीच्या फुलाचं गणित डिसेंबरातच मांडलं जातं. भातवाल्याला मात्र आपण फक्त मिलिमीटर सांगतो.

मोजायचं साधन नाही, असंही नाही. काचेचा एक भरीव गोळा आणि त्याच्यामागे कागदी पट्टी. ऊन पडलं की पट्टी जळत जाते, ढग आला की रेघ तुटते. जळालेली रेघ मोजली की दिवसाचे सूर्यप्रकाशाचे तास हाती. तंत्र एकोणिसाव्या शतकातलं आहे.

लोणावळ्यात चोवीस तासांत किती पाऊस, पवना धरण किती टक्के भरलं, हे सकाळी चहाआधी मोबाइलवर येतं. त्याच ओळीत उन्हाचे तास द्यायला कितीशी जागा लागते? ऑगस्टमध्ये आठवडाभर शून्य दिसलं, तर शेतकरी युरियाचा पुढचा हप्ता थांबवेल. कारण ढगाळ हवेत जादा नत्र मिळालं की भात माजतं, लोळतं, करप्याला बळी पडतं. एका आकड्यावर एक पोतं खत आणि एक फवारणी वाचू शकते.

येत्या जूनपासून द्या तो आकडा.