पोहोच

आई होती तोवर आमच्या घरातून कुणीही परगावी निघालं, की हातावर दही पडायचं आणि दहीसाखरेबरोबर एक वाक्य पडायचं : "पोचल्यावर कळव." माणूस एसटीत बसला, एसटी वळणाआड गेली, धुरळाही खाली बसला, पण "सुखरूप पोचलो" हे पोस्टकार्ड येईपर्यंत आईच्या हिशेबी तो वाटेतच कुठेतरी लोंबकळत असायचा. ना इथला, ना तिथला. सरकारी कचेरीतही नेमका हाच नियम चालतो, हे समजायला मला अर्धं आयुष्य, एक चुलत बहीण आणि एक हरवलेली मात्रा लागली.

ताई माझी चुलत बहीण. पस्तीस वर्षं अमेरिकेत. तिनं तिथलं नागरिकत्व घेतलं आणि त्याबरोबर इथलं आपोआप गळून पडलं, कारण आपला कायदा एका माणसाला एका वेळी दोन देशांचं नागरिक मानत नाही. बदल्यात तिला ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड मिळालं. त्या कार्डाच्या लांबलचक नावात 'नागरिक' हा शब्द आहे खरा, पण गुलाबजामात जेवढा गुलाब असतो तेवढाच. त्या कार्डावर तिला आयुष्यभर कधीही येता-जाता येतं; मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्कानं मात्र मिळते. म्हणजे हातात पैसे घेऊन आली तर परकी, आणि डोळ्यांत पाणी घेऊन आली तर आपली. कायद्यातही कुठेतरी एक आई बसलेली असावी, असं मला हे वाचून वाटलं.

काका गेले तेव्हा ताई आली ती या दुसऱ्या दारानं. दीड एकराचा तुकडा, त्यात एक म्हातारा आंबा आणि पाण्याची आठवण सांगणारी कोरडी विहीर. तिला त्यातलं काही न्यायचं नव्हतं. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाच्या जागी आपलं नाव लागावं, एवढंच. आम्ही उतारा काढला. डिजिटल सहीचा उतारा आता घरबसल्या पंधरा रुपयांत निघतो. दुःख तेवढं स्वस्त झालं आहे. तर त्या उताऱ्यावर काकांचं नाव होतं 'कशव'. काकांचं नाव केशव. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवताना कुणाच्या तरी बोटाखालून 'क'वरची मात्रा निसटली होती. मृत्यूचा दाखला केशवचा, जमीन कशवची. केशव नावाचा आमचा काका गेला होता. पण कशव नावाचा कुणी एक इसम दीड एकर सांभाळत कागदावर अजून ठणठणीत उभा होता, आणि त्याच्या मरणाचा दाखला या भूतलावर कुणीही देऊ शकत नव्हतं. अमर व्हायला ऋषींनी तपं केली; काकांना एक मात्रा गळणं पुरलं.

तलाठ्यांकडून आम्ही तहसील कचेरीत गेलो. (२०२४ साली सरकारनं तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी केलं, गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं.) शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपली म्हण सांगते. तहसीलच्या पायरीबद्दल ती काही बोलत नाही, कारण ती पायरी शहाण्यालाही चुकत नाही. पहिल्या खिडकीत ताईचे कागद चाळताना तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "बाई रहिवासी की परदेशी?" त्यात हेटाळणी नव्हती, फक्त रकाना भरायचा होता. ताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. ज्या विहिरीत ती पोहायला शिकली तिच्या नावानं आणलेला कागद हातात, आणि तिला स्वतःबद्दलचा इतका सोपा प्रश्न सुटेना. "अर्ज ठेवून जा, बघतो," ते म्हणाले. आम्ही ठेवून आलो.

बाकावर बसून मी भिंतीवरच्या पाट्या वाचत होतो. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, कोण देईल आणि न मिळाल्यास अपील कुणाकडे करायचं याचा फलक लावावा लागतो. तो तिथं होता; एक कपाट त्याच्यापुढे भाविकासारखं उभं होतं, एवढंच. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी दिसणारे शब्द मी जुळवत राहिलो : अर्ज, दाखला, वारस, हक्क, हरकत, नक्कल, तालुका, जिल्हा, तहसील. आणि माझ्या लक्षात आलं की या कचेरीत ठाण मांडून बसलेला जवळजवळ प्रत्येक शब्द मूळचा परदेशी आहे. अरबस्तानातून निघाले, इराणातून आले, दप्तरात शिरले आणि गादीला टेकून बसले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, या मंडळींना संस्कृत पर्याय शोधून दिले. तरी अर्ज हललाच नाही आणि वकील तर मुळीच नाही. त्यांना कुणी कधी रहिवासाचा पुरावा मागितला नाही. आणि या सगळ्या गर्दीत अस्सल घरचा शब्द कोणता, तर 'परदेशी'! त्या आडनावाची माणसंही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदतात, दिवाळीला चकल्या तळतात. राहता राहता माणूस रहिवासी होतो. शब्दांना हे जमलं, ताईला एका रकान्यापुढे जमेना.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा खिडकीतून उत्तर आलं, "असा अर्ज आलेलाच नाही." आवाज शांत होता, जणू पावसाबद्दल सांगावं. मी तिथल्या तिथे अर्जाचं वर्णन करू लागलो. हरवलेल्या मुलाचं करावं तसं. पांढरा, दोन पानी, कोपऱ्यात टाचणी. पण ज्याची नोंद नाही ते जन्मलंच नाही.

बाहेर लिंबाखाली अर्जनवीस बसतात. लोक त्यांना नुसतं 'अर्जवाले काका' म्हणतात. लाकडी मेज, एक पाय वीट लावून सारखा केलेला. त्यावर मराठी टंकयंत्र, ज्याचा 'ळ' जरा उडतो, त्यामुळे त्यांच्या अर्जांत बाळ, काळ, फळ अशी सगळी मंडळी ओळीच्या वर टाचा उचलून उभी असतात. शेजारी तिकिटांचा डबा, शाईचं पॅड, वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून नदीतला एक गोटा. आमची सगळी कहाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली, गवई तानपुरा ऐकतो तशी, आणि एकच विचारलं : "पोहोच कुठाय?"

नव्हती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा असतो, हे मला माहीतच नव्हतं. अर्जवाले काका हसले नाहीत. "साहेब, कागद खिडकीत सरकवला म्हणजे तो निघाला. शिक्का पडला म्हणजे पोचला," ते म्हणाले. मला दारातली आई आठवली. सत्तर वर्षं तिनं कुठलीही कचेरी न बघता प्रशासकीय कायद्याचं पहिलं सूत्र आम्हाला दह्यातून भरवलं होतं, आणि मी ते नुसतं गिळत आलो होतो.

मग त्यांनी अर्ज टंकला. "वरील विषयास अनुसरून", "सबब विनंती की", "सदर इसम". अर्जवाल्या काकांच्या हाताखालून ताईचं दुःख त्या भाषेत असं बसत गेलं, जसं लग्नाला निघालेलं पोर टोपीत बसतं : ओळखू येत होतं, पण फार गंभीर दिसत होतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५५, लेखनातली चूक दुरुस्त होणेबाबत. सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल जोडायची, म्हणजे मात्रा पूर्वी होती हे दिसेल. आधी मात्रा, मग वारस. वारसाची नोंद फेरफार रजिस्टरात धरली, की संबंधितांना नोटीस जाणार, हरकतीला पंधरा दिवस मिळणार, आणि कुणी काही म्हटलं नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करणार. "आणि ताई," काका म्हणाले, "कुलमुखत्यारपत्र इथं आहात तोवरच करून जा. तिकडून पाठवलंत तर आधी तिकडच्या वकिलातीत हेलपाटे, मग इथं आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक. वकील झाला, वकिलात कशाला?"

तरी एका वकीलबाईंना भेटलोच. त्यांनी आमच्यापुढे एक जिना काढला : तहसीलदार, त्यावर प्रांत, त्यावर जिल्हाधिकारी, त्यावर विभागीय आयुक्त. तहसीलदारांचा आदेश पटला नाही तर प्रांतांकडे साठ दिवसांत अपील. "तोंडी 'नाही' ऐकून घरी जाऊ नका," त्या म्हणाल्या, "नाही तर नाही, पण लेखी द्या म्हणावं. लेखी नकार हीच वरच्या मजल्याची किल्ली." नकारही सांभाळून ठेवण्यासारखी वस्तू असते, हे मला तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर माझ्याकडे आज मोठा संग्रह असता. ताईनं विचारलं, मी नागरिक नाही, मला हे सगळं चालतं का? त्या म्हणाल्या, संविधानाच्या चौदाव्या कलमातली समानता 'व्यक्ती'ला आहे, नुसत्या नागरिकाला नाही. एकोणिसाव्या कलमातली स्वातंत्र्यं नागरिकांची. म्हणजे चौदाव्या कलमात ताई घरची होती आणि एकोणिसाव्यात पाहुणी. माहितीचा अधिकारही नागरिकांनाच, म्हणून अर्जाचं काय झालं हे विचारणारा दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटाचा अर्ज माझ्या नावानं गेला. त्याला महाराष्ट्राच्या नियमात एक अट आहे : विषय एकच आणि शब्द साधारण दीडशे. आयुष्यभर लांबण लावणाऱ्या माणसावर शासनानं याहून कठोर कारवाई केलेली मला आठवत नाही. पहिल्या मसुद्यात माझे दीडशे शब्द विहिरीपाशीच संपले.

तहसीलच्या रांगेतच एक आजी भेटल्या. नऊवारी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पिशवी, तिच्यात कागद. निराधार योजनेचं त्यांचं अनुदान थांबलं होतं, हयातीचा दाखला पोचला नाही म्हणून. आजी खिडकीपुढे सदेह उभ्या होत्या, खोकतही होत्या. पण समोर उभं असणं हा हयातीचा पुरावा नव्हे. तालुक्याबाहेर त्या फक्त पंढरपूरला गेलेल्या, आणि तरी त्या खिडकीपुढे ताईपेक्षा जास्त परक्या. ताईला निदान इंग्रजीतला राग येत होता. आजींना रागही कोणत्या खिडकीत द्यायचा ते ठाऊक नव्हतं.

शेजारच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीची खोली होती. ही समिती विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ खाली चालते. त्या अधिनियमाच्या बाराव्या कलमाखाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो, आणि त्या कायद्यातल्या 'न्यायालय' या शब्दात महसुली न्यायालयंही येतात. हे सगळं त्या खोलीतल्या विधी स्वयंसेवक मुलीनं आजींना एवढ्या सोप्या मराठीत सांगितलं, की मला वाटलं हिला कुणीतरी कचेरीत भाषांतरकार म्हणून नेमावं, मराठीतून मराठीत. तिनं आजींचे कागद लावून दिले, स्वतः बरोबर आली. रांगेत ताईचा नंबर आधी होता. आजींनी विचारलं, "कुठली गं तू?" ताई म्हणाली, "अमेरिकेची." आणि मग थांबून, "म्हणजे इथलीच. केशवरावांची." आजी म्हणाल्या, "अगं, मग उन्हातान्हात उभी कशाला? बस खाली. मी धरते नंबर." रहिवासी की परदेशी, या प्रश्नाचा निकाल असा एका मिनिटात, विनाशुल्क लागला. ताईनं आजींना पुढे केलं, आजींनी ताईला. थोडा वेळ ती रांग उलटी सरकत होती.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. आम्हाला पाच लागले. म्हण आमच्या बाबतीत एका महिन्यानं खोटी ठरली, हे नोंदवून ठेवतो. तोवर ताई परतली होती. आधी 'क'वर मात्रा आली आणि कशव नावाचा तो अमर इसम शांतपणे निवर्तला. मग ताईचं नाव लागलं. उताऱ्याचा फोटो तिला पाठवला. तिकडे मध्यरात्र असावी. तिनं उत्तरात एकच शब्द लिहिला : "पोचलं."

तेव्हा वाचकहो, कचेरीत जाल तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या. मोफत सल्ला हवा असेल तर विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे. आणि खिडकी सोडण्यापूर्वी पोहोच घ्या. शिक्क्यावरची तारीख आणि आपल्या नावातल्या मात्रा तिथंच, उभ्या उभ्या, वाचून घ्या.