बोटांचे दरपत्रक

कामावर जखमी झालेल्या मजुराला मालकाने द्यावयाची भरपाई ठरवणाऱ्या 1923 च्या कायद्याने परिशिष्टात मानवी हाताचे दरपत्रकच जोडले होते: अंगठा गेला तर उपार्जनक्षमतेची, म्हणजे कमावण्याच्या ताकदीची, शेकडा 30 हानी, तर्जनीची 14, करंगळीची अवघी 7, यंत्रे मात्र हे कोष्टक वाचून बोट निवडत नाहीत. भरपाई महिनाभर थकल्यास शेकडा 12 व्याज लागत असे, म्हणूनच की काय, बोट तुटताच मजूर ‘आमचा नव्हे, ठेकेदाराचा’ ठरे, जरी 12 वे कलम मूळ मालकालाही जबाबदार धरत होते. निकालावर अवलंबून शुल्क ठरवण्यास वकिलांना मनाई असल्याने बोटाच्या टक्क्यांतील त्यांचे टक्के अर्थातच कुठे लिहिलेले सापडत नाहीत. वास्तविक याच भरपाई कायद्याच्या 24 व्या कलमानुसार वकिलाऐवजी नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही मजुरातर्फे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांपुढे उभा राहू शकत होता.