संकोचाचे तारे

एखादं हॉटेल किती उंची आहे हे ठरवायला आपल्या पर्यटन मंत्रालयाची रीतसर समिती आहे. ती एका ताऱ्यापासून पंचतारांकित डीलक्सपर्यंत प्रतवारी लावते. पाच तारे हवे असतील तर खोली निदान 200 चौरस फुटांची हवी, आणि मिळालेले तारेही पाच वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावे लागतात. आकाशातल्या ताऱ्यांना इतका जाच नाही. माझं मोजमाप मात्र सोपं आहे. आत पाऊल टाकताना पाहुणा जितका अवघडेल, तितके तारे. दार उघडणाऱ्याचे कपडे आपल्यापेक्षा कडक इस्त्रीचे निघाले की तीन तारे उंबऱ्यावरच देऊन टाकावेत. तो आपली मोडक्या चाकाची बॅग अदबीनं उचलतो तेव्हा चौथा. 1903 साली मुंबईत ताज उघडलं, तेव्हा विजेच्या झगमगाटाकडे पाहत कितीतरी जण बाहेरच चपला सारखी करत उभे राहिले असतील, असं मला उगाच वाटतं.

या अवघडण्यात आमच्या आईचा हात कुणी धरला नसता. हॉटेलात सकाळी उठली की ती आधी चादरीच्या सुरकुत्या काढायची, पेले विसळून पालथे घालायची. ‘झाडायला बाई येईल ना, ती काय म्हणेल?’ जिच्या कामाचे पैसे मोजलेत, तिला पसारा दिसू नये म्हणून आमची धावपळ! अशाच एका महागड्या हॉटेलात, आम्ही बाहेर गेलो असताना कुणीतरी येऊन न्हाणीघरातल्या कागदाच्या टोकाला त्रिकोणी घडी घालून गेलं होतं. खाली सही नसलेल्या पत्रासारखी ती घडी. राबणारा जितका दिसेनासा, तितकं खोलीचं भाडं चढं. आईला हे काही पटेना. दुसऱ्या दिवशी त्या बाईंना त्यांचं गाव विचारायला म्हणून ती खोलीतच बसून राहिली.

अवघडण्याचा हा हिशेब उलटा झालेला पाहायचा तर लखनौत जावं. तिथे गोमतीपलीकडे अलीगंज आहे. तिथल्या जुन्या हनुमान मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे. नवाबी घराण्यातल्या एका बेगमेनं ते बांधवलं, असं सांगतात. तिकडच्या पंचांगातल्या ज्येष्ठाचे मंगळवार म्हणजे ‘बडा मंगल’. आपल्याकडे अजून वैशाख सरलेला नसतो, आणि तिथे भर उन्हात रस्तोरस्ती भंडाऱ्याचे मांडव लागतात. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बुंदी, थंडगार सरबत. घामानं निथळणारी चांगली खातीपिती माणसं रस्त्यात येऊन स्कूटरी थांबवतात, मोटारींच्या काचांशी वाकतात आणि हात जोडून म्हणतात, ‘भैया, प्रसाद लेते जाइए.’ जात, गाव, खिसा, कशाचीच चौकशी नाही. आपण ‘पोट भरलंय’ म्हणालो तर चेहरा त्यांचा पडतो, जणू चूक त्यांचीच.

इथे ना खोली, ना गालिचा, ना समितीचा कागद. डोक्यावर छप्पर म्हणायचं तर मांडवाचं कापड, तेही उन्हानं विटलेलं. पण अवघडण्याचं सारं ओझं यजमानानं स्वतःच्या डोक्यावर घेतलेलं असतं, आणि पाहुण्याकडे उरते फक्त भूक. कुठेही नुसती भूक घेऊन जाता यावं आणि त्या वेळी अंगावरच्या सदऱ्याची इस्त्री आठवूही नये, याहून उंची व्यवस्था ती कोणती?