लाल बटण कोणाच्या हातात?

ऊसतोडीला निघालेलं कुटुंब दिवाळीनंतर गाडीत बसतं आणि होळीच्या आसपास, कधी त्याहूनही उशिरा, गावात परततं. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, कुठेही विचारा. गुजरातेतल्या बारडोलीच्या पट्ट्यात पडाव पडतो, मुकादम सांगेल तेव्हा उठायचं, गाडी भरेल तेव्हा झोपायचं. त्या पाच-सहा महिन्यांत टीव्हीवर जे काही येऊन गेलं, त्यातलं या माणसांच्या वाट्याला काहीच येत नाही. मालिका पुढे गेली. शेतीचा कार्यक्रम होऊन गेला. पोरीच्या इयत्तेचा धडा होऊन गेला. त्या वेळेला जे पडद्यासमोर होते, त्यांनीच तो पाहिला.

या दुखण्यावरचं औषध बाजारात कधीचंच आलेलं आहे. टीव्हीचा रेकॉर्डर. चालू कार्यक्रम थांबवा, मागे न्या, पुढे ढकला. मालिकेचं नाव एकदा सांगून ठेवा, रोजचा भाग आपोआप साठत जाईल. एक वाहिनी बघत असताना दुसरी रेकॉर्ड होते. घराबाहेर असाल तर मोबाइलवरून हुकूम सोडा. अमेरिकेत टिवोची पेटी १९९९ साली विकायला आली, आपल्याकडे टाटा स्काय प्लस २००८ साली. त्यानंतर दर वर्षी नवी सोय येते आहे: मोठी डिस्क, रिमोटमध्ये बोलून शोधायची सोय, आठवडाभरातलं चुकलेलं पुन्हा दाखवणं.

माझं म्हणणं एवढंच आहे. वेळेवर ताबा मिळवून देणारं हे यंत्र, ज्यांची वेळ त्यांच्या स्वतःच्या ताब्यात नाही, त्यांना सगळ्यांत आधी मिळायला हवं होतं. नंदुरबार जिल्ह्यात त्यांचाच नंबर सगळ्यांत शेवटी लागला आहे.

मला या यंत्राची किंमत शहाद्यातल्या घरात कळली. वडिलांचं पपईचं शेत. संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’ लागायचं तेव्हा ते शेतात असायचे, आणि पंपाला रात्रीची वीज असली की रात्रीही तिकडेच. त्यांनी हा कार्यक्रम आयुष्यभर कानावर ऐकला तो दुसऱ्यांच्या तोंडून. घरात रेकॉर्डरची पेटी आली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस सकाळी चहा घेत आदल्या दिवसाचा कार्यक्रम बघू लागला. कीटकनाशकाचं प्रमाण सांगितलं की थांबवायचा, वहीत लिहायचा, पुन्हा सुरू करायचा. तज्ज्ञाला थांबवून लिहून घेता येणं, ही शेतकऱ्याच्या दृष्टीनं साधी गोष्ट नाही.

आईचं निराळंच. संध्याकाळी सात ते नऊ हा मालिकांचा वेळ आणि हाच भाकऱ्यांचा वेळ. बाई चुलीपाशी, टीव्ही बाहेरच्या खोलीत. खानदेशातल्या किती तरी बायकांनी मालिका पाहिलेल्याच नाहीत, संवाद ऐकून ओळखलेल्या आहेत. आईनं मालिका सोडल्या आणि कीर्तनं साठवायला घेतली. दुपारी भांडी आवरली की बसायची. तीन वर्षांचा साठा झाला होता. मग पेटी बिघडली, कंपनीनं नवी दिली, जुन्या डिस्कवरचं एकही कीर्तन नव्या पेटीत लागलं नाही. कारण अशा बहुतेक पेट्यांत रेकॉर्डिंग त्याच पेटीला कुलूप लावून बांधलेलं असतं. पैसे आपले, वीज आपली, वेळ आपला, आणि किल्ली कंपनीकडे. हे चुकीचं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९८४ मध्ये, बेटामॅक्स या टेप-रेकॉर्डरच्या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की घरच्या घरी नंतर पाहण्यासाठी कार्यक्रम टेपवर घेणं हा कॉपीराइटचा भंग नाही. चाळीस वर्षं उलटली तरी शहाद्यातल्या म्हातारीची कीर्तनं तिच्या हाती राहत नाहीत.

आता विजेचं बोलू. रेकॉर्डरच्या जाहिरातीत हे कोणी सांगत नाही: कार्यक्रम लागतो त्या वेळी पेटीला वीज लागते. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून ठेवलंत आणि आठ वाजता वीज गेली, तर साडेआठला साठ्यात काही नसतं. जोराचा पाऊस आला की छपरावरच्या छोट्या डिशचा सिग्नलही मंदावतो, तेवढा वेळ पडदा कोरा. सातपुड्याच्या पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी एकदम होतात. ‘लाईट गयी ना भो, काय दखसूत आते?’ हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा ऐकू येतं की त्याची तक्रारही कोणी करत नाही. पेटीत छोटी बॅटरी घालणं अवघड नाही. मोबाइलमध्ये ती असते, टॉर्चमध्ये असते. टीव्हीच्या पेटीत नसते, कारण पेटी बनवणाऱ्यानं विजेच्या खेळखंडोब्याचं गाव डोळ्यांसमोर ठेवलेलंच नाही.

तसं पाहिलं तर चुकलेलं पुन्हा बघण्याची भूक इथं जुनीच आहे. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचा एक तालुका होता. रविवारी सकाळी गावातल्या एका टीव्हीसमोर पन्नास माणसं. तो भाग चुकला की चुकलाच. म्हणून मग व्हीसीआर भाड्यानं यायचा, वर्गणी निघायची, रात्रभर तीन सिनेमे चालायचे. १ जुलै १९९८ ला जिल्हा वेगळा झाला. पुढे केबल आली, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि घरातला एक टीव्ही फुटून चार मोबाइल झाले.

त्याबद्दल हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. एकत्र बसणं गेलं, गप्पा गेल्या, वगैरे. मला ते पटत नाही. त्या एकत्र बसण्यात रिमोट कोणाच्या हातात होता, हे आठवून पाहा. घरच्या कर्त्याच्या. त्याला बातम्या हव्या असल्या की सगळ्यांनी बातम्या बघायच्या. सुनेला काय हवं, हे कोणी विचारलं नाही. आज तीच सून दुपारी कालचा भाग मोबाइलवर बघते. तिचा वेळ तिनं मिळवला आहे.

आणि मेमरी कार्डाला विसरू नका. धडगावच्या, मोलगीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून मिळतं. टिमलीची गाणी, पावरी आणि भिली गाणी, अहिराणी विनोदाच्या चित्रफिती, दोन-तीन सिनेमे. थोडे पैसे द्यायचे आणि खिशात घालून डोंगर चढायचा. रेंज असो नसो, वर पाड्यावर चालतं. जी गाणी कुठल्याही मोठ्या वाहिनीवर लागत नाहीत, ती अशी फिरतात. याला मी या जिल्ह्यातला पहिला खरा रेकॉर्डर म्हणतो. कोणत्याही कंपनीनं तो दिलेला नाही, लोकांनी स्वतः उभा केला. बोलून शोधणाऱ्या महागड्या रिमोटला मात्र पावरीतला एक शब्द कळत नाही. २०११ च्या जनगणनेत १६ लाख ४८ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के माणसं अनुसूचित जमातींची होती. रिमोटला शिकवायचीच तर त्यांची भाषा शिकवा.

इथवर करमणूक झाली. माझा खरा राग २०२० चा आहे.

कोरोनामुळे शाळा बंद होत्या. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. चांगली होती, हे मी मुद्दाम लिहितो. घरातल्या वस्तू घेऊन, परिसरात हिंडून मुलांनी शिकावं अशी तिची रचना होती. केंद्र सरकारनंही त्याच वर्षी मे महिन्यात ‘एक वर्ग, एक वाहिनी’ म्हणत बारा वाहिन्या जाहीर केल्या. टीव्हीवर शाळा ही कल्पना योग्यच होती, आमच्या भागात तर दुप्पट योग्य. कारण मोबाइलचा सिग्नल टॉवरकडून आडवा येतो, मध्ये डोंगर आला की संपला. डिशचा सिग्नल वरून येतो. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून दिसते, तो आपल्याकडून आग्नेयेला, आकाशात बराच उंच आहे. त्यामुळे सातपुड्याच्या ज्या पाड्यावर फोन लागत नाही, तिथंही छपरावरची डिश चित्र पकडते.

पण धडा लागायचा ठरल्या वेळी. त्या वेळी पोर शेळ्यांमागे असली तर? पावसात वीज नसली तर? एका घरात चौथीचा एक आणि सातवीची एक, आणि बाप म्हणाला आता बातम्या लावा, तर? मास्तर वर्गात पुन्हा सांगतो. टीव्ही पुन्हा सांगत नव्हता. यूट्यूबवर सगळं ठेवलं आहे, असं उत्तर मिळायचं. ज्या पाड्यावर नेट पोहोचत नाही म्हणून टीव्हीची शाळा काढली, तिथल्याच पोरांना चुकलेल्या धड्यासाठी पुन्हा नेटकडे पाठवायचं, याला काय म्हणावं? लाल बटण हवं होतं तर ते त्या पोरांना. जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या मोजणीत ६४ टक्क्यांच्या आसपास होती, महाराष्ट्रात सगळ्यांत कमी. एक धडा बुडणं म्हणजे काय, हे या जिल्ह्याला सांगायला नको.

आणि यावरचा उपाय सरकारी कपाटात आधीपासून पडून होता. ९ जुलै २०१७ ला सुरू झालेल्या ‘स्वयंप्रभा’ वाहिन्यांचा नियम पाहा: रोज किमान चार तासांचा नवा मजकूर, आणि तोच दिवसात आणखी पाच वेळा. विद्यार्थ्यानं आपल्या सोयीची वेळ निवडावी, हा हेतू त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. चार तास सहा वेळा, म्हणजे पूर्ण चोवीस तास. यंत्र विकत न घेता रेकॉर्डरचं निम्मं काम झालं. उच्च शिक्षणाला जी समज दाखवली, ती धडगावच्या चौथीतल्या मुलीसाठी दाखवायला काय हरकत होती? सकाळचा धडा दुपारी आणि रात्री पुन्हा लागला असता, तर शेळ्या घेऊन गेलेल्या पोरीलाही शाळा मिळाली असती.

उरलेलं निम्मं काम यंत्रानं होईल. डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, एकदाच दीड-दोन हजार रुपये. आज ती चार कोटींहून अधिक घरांत असल्याचं प्रसार भारती सांगते. केबल आणि डीटीएचवाल्यांचं तसं नाही, १ फेब्रुवारी २०१९ च्या नियमानं तेव्हा नुसत्या शंभर वाहिन्यांच्या जोडणीचेच १३० रुपयांपर्यंत आणि वर कर द्यावा लागायचा. म्हणून गरिबाच्या छपरावर फ्री डिश दिसते. तिच्या बाजारात मिळणाऱ्या अनेक साध्या पेट्यांना यूएसबीची जागा असते आणि पेनड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग होतं. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये साध्या चित्राचे दहा-पंधरा तास तरी बसतात. दहा-पंधरा तास म्हणजे एका इयत्तेचे कितीतरी धडे. तो पेनड्राइव्ह पडावावरही जाऊ शकतो, आईच्या लुगड्याच्या गाठीत बांधून.

मग अडलं कुठे? सांगणारं कोणी नाही. डिश बसवणारा भाऊ वाहिन्या लावून देतो, रिमोटवरची चार बटणं दाखवतो आणि गाडीला किक मारतो. लाल ठिपक्याचं बटण कशाचं, हे घरात कोणालाच ठाऊक नसतं. मी विचारून पाहिलं आहे. पाच-सहा घरांत पेटीला यूएसबी होती. एकाही घरात ती वापरलेली नव्हती.

म्हणून मागणं थोडं आहे. शिक्षण विभागानं शाळेच्या वाहिन्यांवरचा प्रत्येक धडा दिवसातून किमान तीनदा लावावा आणि आठवड्याचं वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर चिकटवावं. प्रसार भारतीनं फ्री डिशच्या पेट्यांसाठी यूएसबी रेकॉर्डिंगची अट घालावी, आणि शाळेच्या धड्यांना कधीही कुलूप लावू नये. नंदुरबार आणि तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी प्रत्येक आश्रमशाळेत अशी एक पेटी आणि दहा पेनड्राइव्ह ठेवावेत. आणि आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात मागे राहिलेल्या पोरांना तरी कालचा धडा आज बघता यावा.

वाचकांकडेही एक काम आहे, आणि ते येत्या रविवारी होण्यासारखं आहे. शेजारच्या घरी जा. फ्री डिशची पेटी उलटसुलट करून यूएसबीची जागा शोधा, एक पेनड्राइव्ह लावा, रिमोटवरचा लाल ठिपका दाबा. मग घरातल्या शाळकरी मुलीला विचारा, ‘ताई, तुझ्या इयत्तेचा तास उद्या किती वाजता लागतो?’ आणि पुढचं बटण तिच्याकडूनच दाबून घ्या.